आयएनए २१९: रात्री पॅनेलवर १२.७ व्होल्ट, दुपारी करंट ४०० वर अडकलेला आणि मधूनच ३२.७६

रानातलं_सर्किट, मणेराजुरी

द्राक्षबागेत हवामानाची पेटी उभी केली आहे. पानओलावा, तापमान, आर्द्रता दर पंधरा मिनिटांनी सर्व्हरवर जाते. पॉवरचा भाग असा:

२० वॅटचं पॅनेल, १० अँपिअरचा साधा पीडब्ल्यूएम (पॅनेल वेगाने तोडजोड करणारा) चार्ज कंट्रोलर, १२ व्होल्ट ७ एएच एसएमएफ बॅटरी. ईएसपी ३२ ला (मायक्रोकंट्रोलर) एक बक कन्व्हर्टर (व्होल्टेज कमी करणारा) ५ व्होल्टचा, सिम ८०० एल ला (डेटा पाठवणारं मोबाइल मॉड्यूल) दुसरा बक ४.० व्होल्टवर लावलेला.

आयएनए २१९ चे (करंट आणि व्होल्टेज मोजणारी चिप) दोन बोर्ड आहेत, दोन्हींवर आर१०० शंट (करंट मोजायचा ०.१ ओहमचा रोध). बोर्ड ए पॅनेलच्या प्लसमध्ये, पत्ता हेक्स ४०. बोर्ड बी कंट्रोलरच्या लोड प्लसमध्ये, ए-झिरोचा जंपर सोल्डर करून पत्ता हेक्स ४१. दोन्हींचा जीएनडी लोडच्या मायनसला. लायब्ररी वापरलेली नाही, रजिस्टर (चिपमधले आकड्यांचे कप्पे) थेट वाचतो. कॉन्फिग आणि कॅलिब्रेशन सेटअपमध्ये एकदाच लिहितो.

बोर्ड ए:
सकाळी ६ — १२.४१ व्होल्ट, वजा ०.२ मिलिअँप
सकाळी ९ — १२.८८ व्होल्ट, ३५२.६ मिलिअँप
सकाळी ११ — १३.६२ व्होल्ट, ४००.० मिलिअँप
दुपारी १:३० — १४.३१ व्होल्ट, ४००.० मिलिअँप
रात्री ८ — १२.७४ व्होल्ट, वजा ०.१ मिलिअँप

रात्री आठला पॅनेलवर १२.७४ कुठून आले? मल्टिमीटर पॅनेलच्या टर्मिनलवर तेव्हा जवळजवळ शून्य दाखवतो. दुपारी दीडला मल्टिमीटर १६.८ दाखवतो आणि बोर्ड १४.३१.

बोर्ड बी: व्होल्टेज बरोबर आहे. करंट ३१, ४४, ६१२, २९ असा उड्या मारतो. डेटा पाठवून झाला की कधीकधी करंट बरोब्बर ०.० होतो आणि ईएसपी रीसेट करेपर्यंत शून्यच राहतो. अधूनमधून एखादं रीडिंग ३२.७६ व्होल्ट, वजा ०.१ मिलिअँप.

बोर्ड बदलू का? ऑक्टोबर छाटणी तोंडावर आहे. डाऊनीच्या (केवडा रोगाच्या) दिवसांत पेटी बंद पडून चालणार नाही.

---

मिरज_लाइन

बोर्ड बदलू नका. हे एक दुखणं नाही, चार-पाच वेगवेगळी आहेत आणि सगळी एकदम अंगावर आली आहेत. सोपं आधी.

४००.० वर अडकणं: तुमच्या कोडमध्ये बोर्ड ए ची कॉन्फिग हेक्स ०१९एफ आणि कॅलिब्रेशन ८१९२ आहे का बघा. ती १६ व्होल्ट, ४० मिलिव्होल्टची रेंज. ०.१ ओहमवर ४० मिलिव्होल्ट म्हणजे ४०० मिलिअँप. त्याच्या पुढे चिप मोजतच नाही, कमाल आकडा धरून बसते. २० वॅटचं पॅनेल कडक उन्हात १.१ अँपिअरच्या आसपास देतं, म्हणजे दहा ते तीन अडकणारच. ३२० मिलिव्होल्टची रेंज घ्या, कॅलिब्रेशन ४०९६. करंटचं एक पाऊल तेव्हा ०.१ मिलिअँपचं होतं आणि मर्यादा ३.२ अँपिअर.

१६ व्होल्टची रेंज घेतली की व्होल्टेज बारीक मोजला जातो असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही, दोन्ही रेंजमध्ये पाऊल ४ मिलिव्होल्टचंच आहे. पॅनेलच्या बाजूला १६ ची रेंज ठेवण्यात तोटाच.

रात्रीचं वजा ०.१, वजा ०.२ सोडून द्या. तो चिपचा ऑफसेट (शून्यावरची किरकोळ चूक) आहे. ०.१ ओहमवर अर्धा-एक मिलिअँप इकडेतिकडे दिसला तर त्याच्या मागे लागू नये.

३२.७६ चं गणित: आयटूसीवर (चिप आणि ईएसपी बोलतात त्या दोन वायरी, एसडीए आणि एससीएल) चिपने उत्तरच दिलं नाही तर सगळे बिट १ वाचले जातात, म्हणजे एफएफएफएफ. व्होल्टेज रजिस्टर तीन बिट उजवीकडे सरकवलं की ८१९१ उरतात, गुणिले ४ मिलिव्होल्ट, झाले ३२.७६४ व्होल्ट. करंट रजिस्टरमध्ये एफएफएफएफ म्हणजे वजा १, म्हणून वजा ०.१ मिलिअँप. ही जोडी एकत्र दिसली की ते रीडिंग नाही, फोन लागला नाही एवढाच त्याचा अर्थ. कोडमध्ये आयटूसीचा एरर कोड तपासून असं रीडिंग टाकून द्या, सरासरीत घेऊ नका.

आता एकच प्रश्न. बोर्ड बी चा व्हीसीसी (चिपचा वीजपुरवठा) कुठून घेतला आहे?

---

रानातलं_सर्किट

कॉन्फिग ०१९एफ च आहे, एका उदाहरणातून उचललेली.

बी चा व्हीसीसी सिमच्या ४ व्होल्टच्या बकवरून. तो शेजारीच आहे, वायर लहान पडते. जीएनडीही सिमच्याच जीएनडी वायरवर टॅप केला आहे. ए चा व्हीसीसी ईएसपीच्या ३.३ वरून.

---

मिरज_लाइन

मग बी ची सगळी गोष्ट तिथेच आहे.

सिम ८०० एल पाठवताना २ अँपिअरपर्यंत ओढतं, तेही सलग नाही. ५७७ मायक्रोसेकंदांचा एक ठोका, दर ४.६१५ मिलिसेकंदांनी. बारीक वायर आणि साधा बक असेल तर प्रत्येक ठोक्याला ४ व्होल्टचा ३ च्या खाली झोका जातो. आयएनए २१९ ला किमान ३ व्होल्ट लागतात. झोका खोल गेला की चिप स्वतःच रीसेट होते. ईएसपी वेगळ्या बकवर आहे, त्याला याचा पत्ताच नसतो.

रीसेट झाल्यावर कॅलिब्रेशन रजिस्टर शून्य होतं. करंट आणि पॉवर ही दोन्ही रजिस्टरं कॅलिब्रेशनने गुणूनच भरतात, म्हणून ती बरोब्बर शून्य. व्होल्टेजला कॅलिब्रेशन लागत नाही, ते ठणठणीत दिसत राहतं. लोक इथेच फसतात: व्होल्टेज येतंय म्हणजे चिप ठीक, मग करंटची वायर तुटली असेल, म्हणून स्क्रू पिळत बसतात.

खात्री करायची तर करंट शून्य झाल्यावर कॉन्फिग रजिस्टर वाचा. तुम्ही लिहिलेलं मूल्य न येता हेक्स ३९९एफ आलं तर चिप रीसेट झाली. ते तिचं जन्मजात मूल्य आहे. आणि त्याच वेळी शंट व्होल्टेजचं रजिस्टर, म्हणजे ०१, वाचा. तिथे आकडा जिवंत दिसेल. (ज्यांच्या कोडमध्ये मुळातच ३९९एफ लिहिलेलं आहे त्यांना या युक्तीचा उपयोग नाही, त्यांनी कॅलिब्रेशनचं ०५ नंबरचं रजिस्टर वाचावं.)

---

शंट_बहाद्दर, सातारा

वरच्याला जोडून. व्हीसीसी ४ व्होल्ट असेल तर बोर्डवरचे १० के चे पुलअपसुद्धा (लाइन वर ओढणारे रोध) एसडीए आणि एससीएल ४ व्होल्टकडे ओढतात. ईएसपी ३२ च्या पिना ३.३ च्या आहेत. चाललं म्हणजे बरोबर आहे असं नाही. दोन्ही बोर्डांना ईएसपीच्या ३.३ वरूनच द्या. चिप एक मिलिअँपच्या आसपास खाते, काही बिघडत नाही.

जीएनडी जास्त महत्त्वाचा. सिमच्या जीएनडी वायरमधून २ अँपिअरचे ठोके जातात. बारीक जंपर वायर आणि तिचे दोन्ही टोकांचे सांधे धरून ०.१ ओहम सहज होतात, म्हणजे ०.२ व्होल्टचा धक्का. त्याच वायरवर सेन्सरचा जीएनडी असेल तर आयटूसीला शून्य म्हणजे काय तेच कळेनासं होतं. तुमचे ३२.७६ तिथून येत आहेत. सिमच्या बकला लोड मायनसपासून स्वतंत्र, जाड वायर न्या. ईएसपीचा जीएनडी वेगळा न्या आणि सेन्सरचा जीएनडी ईएसपीच्या जीएनडीपासून. सगळे एकाच स्क्रूवर भेटू देत, वाटेत नाही.

सिमच्या व्हीसीसी पिनाजवळ, दोन सेंटिमीटरच्या आत, १००० मायक्रोफॅरड लो-ईएसआर आणि १०० नॅनोफॅरड सिरॅमिक. कपॅसिटर बकच्या बाजूला लावून उपयोग नाही, वायरचा रोध मधे राहतो.

---

रानातलं_सर्किट

बी चं समजलं. पण ए चा रात्रीचा १२.७४ अजून राहिला.

---

कृष्णाकाठ_०७

पॅनेलचा मायनस सेन्सरच्या जीएनडीला जोडलेला नाही, म्हणून असं होतंय. आयएनए २१९ व्होल्टेज मोजते ती व्हीइन मायनस (शंटनंतरची पिन) आणि जीएनडी यांच्यामध्ये. जीएनडी कॉमन नसेल तर आकडा खोटाच येणार. पॅनेलच्या मायनसवरून एक वायर काढा आणि जीएनडीला जोडा, संपलं काम.

---

मिरज_लाइन

थांबा. ती वायर जोडू नका.

कृष्णाकाठ, नियम तुम्ही बरोबर सांगितलात. पण हा कंट्रोलर कॉमन पॉझिटिव्हचा दिसतोय आणि तिथे हा सल्ला बॅटरी घालवेल.

स्वस्त पीडब्ल्यूएम कंट्रोलरमध्ये बहुतेक वेळा पॅनेलचा प्लस, बॅटरीचा प्लस आणि लोडचा प्लस आत एकाच पट्टीवर असतात. मॉस्फेट (तोडजोड करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) मायनसच्या बाजूला असतात. म्हणजे तीन प्लस एक आणि तीन मायनस तीन वेगळे. आता रानातलं_सर्किट यांचं रीडिंग पुन्हा बघा. बोर्ड ए पॅनेलच्या प्लसमध्ये, आणि पॅनेलचा प्लस म्हणजेच बॅटरीचा प्लस. जीएनडी लोडच्या मायनसला, म्हणजे मॉस्फेटवरचे काही मिलिव्होल्ट सोडले तर बॅटरीच्या मायनसला. त्यामुळे बोर्ड ए दिवसरात्र बॅटरीचा व्होल्टेज मोजतोय आणि अगदी बरोबर मोजतोय. आकड्यांतही ते दिसतं: सकाळी १२.४१, चार्ज होत होत १४.३१, रात्री १२.७४. ही एसएमएफ बॅटरीची दिनचर्या आहे, पॅनेलची नव्हे.

पॅनेलचा मायनस जीएनडीला जोडला की काय होईल? पॅनेल थेट बॅटरीला लागेल, कंट्रोलर बाजूला पडेल. १४.४ ला तोडणारं कुणी उरणार नाही. ७ एएचच्या बॅटरीत दुपारभर एक अँपिअर ढकलत राहिलात तर व्होल्टेज १५ च्या वर जातो, आतलं पाणी उडतं, काही आठवड्यांत बॅटरी फुगते. रात्री पॅनेलला ब्लॉकिंग डायोड नसेल तर बॅटरी पॅनेलमधून उलटी गळते. शिवाय हा सगळा करंट सेन्सर बोर्डाच्या जीएनडीच्या दोऱ्याएवढ्या वायरमधून जाईल.

तपासणी सोपी आहे. कंट्रोलरवरून पॅनेल, बॅटरी, लोड सगळं काढा. पाच मिनिटं थांबा, आतले कपॅसिटर रिकामे होऊ देत. मल्टिमीटर बीपवर ठेवून पॅनेल प्लस ते बॅटरी प्लस बघा, मग पॅनेल मायनस ते बॅटरी मायनस. जिथे बीप वाजेल ती बाजू कॉमन. परत जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल, शेवटी लोड.

---

कृष्णाकाठ_०७

हे डोक्यात नव्हतं. आधीचा सल्ला मागे घेतो, कुणी तो वाचून वायर जोडू नये.

---

रानातलं_सर्किट

तपासलं. प्लस ते प्लस बीप वाजतो, मायनस ते मायनस नाही. कॉमन पॉझिटिव्हच.

मग दुपारी मल्टिमीटरवर १६.८ आणि सेन्सरवर १४.३१ याचंही उत्तर हेच का? आणि ए चा करंट तरी खरा मानायचा का?

---

मिरज_लाइन

करंट खरा. शंट पॅनेलच्या प्लसच्या वाटेत आहे, पॅनेलमधून जे येतं ते त्यातूनच जातं. मायनस कुठे आहे याचा शंटवरच्या मिलिव्होल्टशी संबंध नाही. फक्त व्हीइनच्या दोन्ही पिना सेन्सरच्या जीएनडीच्या मानाने ० ते २६ व्होल्टमध्ये असल्या पाहिजेत. तुमच्याकडे त्या बॅटरीच्या प्लसवर आहेत, म्हणजे सुखरूप.

१६.८ चं असं: बॅटरी भरत आली की कंट्रोलर पॅनेल तोडजोड करायला लागतो. जोडलेलं असताना पॅनेल बॅटरीच्या व्होल्टेजला, म्हणजे १४ च्या आसपास दाबलेलं असतं. तोडलेलं असताना ते मोकळं होऊन २१ च्या पुढे जातं. मल्टिमीटर दोन्हीची सरासरी दाखवतो. म्हणून १६.८ हा कुठल्याच क्षणाचा खरा व्होल्टेज नाही.

खरं विचाराल तर पीडब्ल्यूएमवर पॅनेलचा व्होल्टेज नोंदवून हाती काही लागत नाही. चार्ज होताना तो बॅटरीएवढाच असतो. पॅनेलवर धूळ बसली की बोर्डोचा (मोरचूद-चुन्याच्या फवारणीचा) थर चढला, हे करंटवरून कळतं. बोर्ड ए चा व्होल्टेज 'बॅटरी' या नावाने नोंदवा आणि सोडून द्या.

---

शंट_बहाद्दर, सातारा

तरी हवाच असेल तर मार्ग आहे, फक्त उलटा विचार करावा लागतो. कॉमन पॉझिटिव्हमध्ये पॅनेल मोकळं झालं की त्याचा मायनस बॅटरीच्या मायनसच्या खाली जातो. बॅटरी १३, पॅनेल २१, म्हणजे पॅनेलचा मायनस वजा ८ व्होल्टवर. हा व्होल्टेज सरळ एडीसीला (ईएसपीच्या व्होल्टेज मोजणाऱ्या पिनला) दिला तर पिन जाईल.

पॅनेल मायनसपासून १०० के, ईएसपीच्या ३.३ पासून २२ के, दोन्ही एका ठिकाणी जोडा आणि तिथून एडीसी. पॅनेलचा मायनस ० ला असेल तेव्हा तिथे २.७० व्होल्ट येतात, वजा १० ला ०.९०, वजा १५ ला शून्य. मधे सरळ रेघ. रात्री मात्र पॅनेल थंड असताना त्याचा मायनस वर, बॅटरीच्या प्लसकडे सरकू शकतो. तेव्हा एडीसीवर पाचेक व्होल्ट येतील. म्हणून एडीसीपासून ३.३ कडे बॅट ८५ सारखा शॉट्की डायोड हवा, कॅथोड ३.३ कडे. १०० के मुळे करंट ०.१ मिलिअँपच्या आतच राहतो, डायोडला जड नाही. तसंच एडीसी पिन ते जीएनडी १०० नॅनोफॅरड. ईएसपी ३२ चा एडीसी दोन्ही टोकांना वाकडा आहे, तेव्हा मल्टिमीटरने तीन-चार ठिकाणी जुळवून घ्या.

इतका खटाटोप करण्यापेक्षा कॉमन निगेटिव्हचा कंट्रोलर घेणं सोपं. पण घेताना दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका, तोच बीप तिथे वाजवून बघा.

---

कृष्णाकाठ_०७

बी च्या उड्यांसाठी हॉलचा (चुंबकत्वावरून करंट मोजणारा) सेन्सर लावला तर? एसीएस ७१२, पाच अँपिअरवाला. जीएनडीची भानगडच नाही.

---

शंट_बहाद्दर, सातारा

या कामाला नको. तो १ अँपिअरला १८५ मिलिव्होल्ट देतो. इथला विसावा करंट ३० मिलिअँप, म्हणजे साडेपाच मिलिव्होल्ट. ते गोंगाटात बुडतात. त्याचा शून्यबिंदू पुरवठ्याच्या निम्म्यावर असतो, ५ व्होल्टचा बक जरा हलला की शून्य हलला. आणि शेजारी रिले किंवा पंपाचा स्टार्टर असेल तर त्याचं चुंबकत्वसुद्धा हा मोजतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी असं होईल.

उड्यांचं कारण सॅम्पलिंग आहे. कॉन्फिग ०१९एफ किंवा ३९९एफ मध्ये चिप एकच सॅम्पल घेते, ५३२ मायक्रोसेकंदांचं. सिमचा ठोका ५७७ मायक्रोसेकंदांचा. सॅम्पल ठोक्यावर पडलं तर ६१२, दोन ठोक्यांच्या मधे पडलं तर ३१. दोन्ही खरे, पण दोन्हींवरून बॅटरी किती तास चालेल ते निघत नाही.

कॉन्फिग हेक्स ३एफएफएफ करा. अर्थ: ३२ व्होल्ट, ३२० मिलिव्होल्ट, व्होल्टेज आणि शंट दोन्हीला १२८ सॅम्पलची सरासरी, सलग चालू. एका सरासरीला ६८.१ मिलिसेकंद लागतात, म्हणजे सिमचे चौदा-पंधरा ठोके त्यात येतात. दोन्ही मिळून १३६ मिलिसेकंदांनी नवं रीडिंग. त्यापेक्षा घाईने वाचलंत तर तेच जुनं रीडिंग परत मिळेल. नवं आलं की नाही ते व्होल्टेज रजिस्टरच्या १ नंबरच्या बिटवर कळतं, आणि शून्य नंबरचा बिट १ असेल तर हिशोब ओव्हरफ्लो झाला, करंट आणि पॉवर बाद.

शिवाय एक सवय: दर वाचनाआधी कॉन्फिग तपासा. ३एफएफएफ नसेल तर कॉन्फिग आणि कॅलिब्रेशन दोन्ही पुन्हा लिहा आणि रीसेट झाल्याची नोंद मोजत राहा. नुसतं कॅलिब्रेशन पुन्हा लिहिणारा कोड बऱ्याच ठिकाणी दिसतो. त्याने करंट परत येतो, पण सरासरी गेलेली असते आणि उड्या पुन्हा सुरू होतात.

---

रानातलं_सर्किट

बदल केले: दोन्ही बोर्ड ३.३ वर, जीएनडी एका स्क्रूवर, सिमला १००० मायक्रोफॅरड, कॉन्फिग ३एफएफएफ, कॅलिब्रेशन ४०९६.

३२.७६ गेलं. शून्यही आलेलं नाही, रीसेटची नोंद शून्य. बी विसाव्याला ३३ ते ३५, पाठवताना १३० ते १९०. ए दुपारी १.१४ अँपिअरपर्यंत जातो.

पण ए च्या वाटेत मल्टिमीटर १० अँपिअरच्या रेंजवर लावला तर तो १.०८ दाखवतो. मल्टिमीटर लावल्याने वाटेत रोध वाढून करंटच कमी होत असेल का?

---

मिरज_लाइन

पॅनेल करंट सोर्ससारखं वागतं, मल्टिमीटरच्या शे-दीडशे मिलिव्होल्टने ५ टक्के पडणार नाहीत. ऊनही दर मिनिटाला बदलतं, त्यामुळे पॅनेलवर कॅलिब्रेशन करायचंच नाही. बॅटरी आणि रेझिस्टरवर करा.

१० ओहम, २५ वॅट किंवा जास्तीचा, अॅल्युमिनियमच्या खोक्यातला वायरवाउंड रेझिस्टर घ्या. बॅटरीवर तो १२.५ व्होल्टला सव्वा अँपिअर ओढतो, १५-१६ वॅट उष्णता होते. पत्र्यावर ठेवा, हात लावू नका. गाडीच्या इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब चालतो असं म्हणतात, पण थंड फिलामेंट सुरुवातीला कित्येक पट करंट ओढतं आणि नंतरही सरकत राहतं. रेझिस्टर बरा.

बॅटरी प्लस, मल्टिमीटर, बोर्डाचं व्हीइन प्लस, व्हीइन मायनस, रेझिस्टर, बॅटरी मायनस. सगळं एका माळेत, म्हणजे दोघांतून एकच करंट. एक मिनिट तापू द्या, मग दोन्ही आकडे एकाच वेळी लिहा.

त्यानंतर दुसऱ्या मल्टिमीटरने, २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर, थेट आर१०० च्या दोन्ही टोकांच्या धातूवर टोचून मोजा, हिरव्या टर्मिनलवर नाही. हा आकडा आणि ०१ रजिस्टरमधला आकडा गुणिले १० मायक्रोव्होल्ट जुळले तर चिप बरोबर, शंटच ०.१ पेक्षा जास्तीचा आहे. रजिस्टरचा आकडा मोठा असेल तर चिपची जोडणी शंटच्या पॅडपासून लांब घेतलेली आहे, मधल्या सोल्डरचे मिलिओहमही मोजले जात आहेत. ०.१ ओहमवर ५ मिलिओहम म्हणजे ५ टक्के. स्वस्त बोर्डावर हे नित्याचं.

---

रानातलं_सर्किट

मल्टिमीटर १.२००, सेन्सर १.२६६. शंटच्या टोकांवर १२०.४ मिलिव्होल्ट, रजिस्टरमध्ये १२६६०, म्हणजे १२६.६ मिलिव्होल्ट.

---

मिरज_लाइन

शंट ठीक, सोल्डर जास्तीचं. शंटच्या दोन्ही पॅडवर फ्लक्स लावून पुन्हा सोल्डर करून बघा, बऱ्याचदा निम्मी चूक तिथेच जाते. उरलेली कॅलिब्रेशनमध्ये काढा. १.२०० भागिले १.२६६ गुणिले ४०९६, उत्तर ३८८२. या रजिस्टरचा शेवटचा बिट कायम शून्य असतो, त्यामुळे सम संख्याच लिहा. पुन्हा सोल्डर केलंत तर मोजणीही पुन्हा.

दोन बोर्डांना दोन वेगळी कॅलिब्रेशन येतील. पत्त्यानुसार साठवा, बोर्ड अदलाबदल झाला तर पेटीवर लिहिलेलं असू द्या.

---

कोरेगाव_सोलर

याच धाग्यात विचारतो. माझ्याकडे बॅटरी १२.५ असताना सेन्सर ५.० दाखवतो. करंट तर भलताच, आठपट. कोड २१९ चाच, पत्ता ४० वर सापडतो, शंट आर१००.

---

शंट_बहाद्दर, सातारा

तुमच्याकडे आयएनए २१९ नाही, २२६ आहे. आकडाच सांगतोय. २२६ मध्ये व्होल्टेजचं पाऊल १.२५ मिलिव्होल्टचं असतं आणि बिट सरकवायचे नसतात. १२.५ म्हणजे १००००. २१९ चा कोड त्याला ८ ने भागतो आणि ४ मिलिव्होल्टने गुणतो, येतात ५.०. कायम ०.४ पट. शंटचं पाऊल १० ऐवजी २.५ मायक्रोव्होल्टचं, म्हणून शंट रजिस्टरवरून काढला तर करंट चौपट. करंट रजिस्टरवरून काढला तर आठपट, कारण आतला भागाकारही ४०९६ ऐवजी २०४८ चा आहे. पक्कं करायचं तर एफई नंबरचं रजिस्टर वाचा, हेक्स ५४४९ आलं की २२६ च्या कुळातली चिप.

२२६ चा कोड घ्या, पण दोन खाचखळगे आहेत. तिची शंटची मर्यादा ८१.९२ मिलिव्होल्ट, म्हणजे आर१०० वर फक्त ८१९ मिलिअँप. जास्त हवं तर आर०१० लावा, ८.१९ अँपिअरपर्यंत जाल. आणि तिला व्होल्टेजची वेगळी व्हीबस पिन असते. ती लोडच्या बाजूला जोडली नाही तर करंट बरोबर आणि व्होल्टेज शून्याच्या आसपास.

---

कोरेगाव_सोलर

चिपवरचं बारीक अक्षर मोबाइलच्या कॅमेऱ्यात बघितलं, २२६ च आहे. व्हीबस आधीच जोडलेली होती, २२६ चा कोड टाकला, आता १२.५२. ही ३६ व्होल्टपर्यंत चालते ना? मग कुसुम योजनेतल्या सौर पंपाच्या पॅनेलवर लावता येईल का?

---

मिरज_लाइन

अजिबात नाही. त्या एकाच पॅनेलचा मोकळा व्होल्टेज ४५ च्या पुढे असतो आणि पंपाला अशी अनेक पॅनेलं सिरीजमध्ये असतात. शेकडो व्होल्ट डीसी. चिप जाईल हा किरकोळ भाग, डीसीची ठिणगी एसीसारखी आपोआप विझत नाही. शिवाय कंट्रोलरची जोडणी उघडली की वॉरंटीचा प्रश्न येतो. पंप किती चालला एवढंच हवं असेल तर कंट्रोलरच्या आरएस ४८५ पोर्टवरून वाचता येतं का, ते त्याच्या पुस्तिकेत बघा. पोर्ट नसेल तर डिलिव्हरीच्या पाइपवर वॉटर मीटर किंवा प्रेशर स्विच लावा.

२४ व्होल्टच्या बॅटरीवरही २१९ नको. चार्जिंगला २८.८ पर्यंत जातं आणि तिची मर्यादा २६. तिथे २२६ चालेल.

---

रानातलं_सर्किट

सोल्डर करून पुन्हा मोजलं, फरक २ टक्क्यांवर आला. कॅलिब्रेशन ४०१६ लिहिलं. आता पेटी परत बागेत लावायची आहे. टर्मिनलच्या स्क्रूवर हिरवट पूड धरलेली दिसली, त्याचं काय करू?

---

शंट_बहाद्दर, सातारा

बोर्डो आत जातोय. फवारणीचं तुषार ग्लँडमधून (वायर आत घ्यायच्या भोकावरच्या बुचातून) शिरतं, वाळलं की तांब्याचे क्षार उरतात आणि दमट हवेत वीज वाहू देतात. आयटूसीच्या पिनांवर ते साचलं तर ३२.७६ परत येईल. टर्मिनल उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि टूथब्रशने घासा, पूर्ण वाळू द्या. मग दोन्ही बोर्डांवर कॉन्फॉर्मल कोटिंगचे (ओल रोखणाऱ्या लेपाचे) दोन हात, मधे तासभर. टर्मिनलची भोकं आणि पिनहेडर टेपने झाकून मगच मारा, नाहीतर स्क्रू पिळूनही कॉन्टॅक्ट येणार नाही. वायरी पेटीच्या तळातून आत घ्या, वरून किंवा बाजूने नको, आणि ग्लँडच्या आधी वायरीला खाली झोळ द्या म्हणजे थेंब तिथूनच गळतील.

स्क्रू आवळल्यावर १० ओहमची मोजणी एकदा पुन्हा करा. सैल स्क्रूने करंटचं रीडिंग चुकत नाही, पण लोडचा व्होल्टेज पडतो आणि टर्मिनल वितळतं.